बाबासाहेबांच्या कोटाच्या खिशातले पेन

आपल्या वस्तीतला बाबासाहेबांचा पुतळा डोळ्यांसमोर आणा. निळा कोट, लाल टाय, हातात संविधान, वर उचललेले बोट. या सगळ्यांबद्दल आपण भाषणांत बोलतो. पण त्याच पुतळ्याच्या छातीच्या खिशाला एक पेन लावलेले असते, कुठे कुठे दोन असतात. त्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. गावोगावच्या मूर्तिकारांनी ते पेन न चुकता घडवले, आपणही ते रंगवले, पण ते तिथे कसे आले हे आपल्या मुलांना क्वचितच सांगितले.

ते पेन नुसत्या शोभेसाठी नाही. बाबासाहेबांना खरोखरच फाउंटन पेनांचा शौक होता. पुस्तकांचे वेड सगळ्यांना ठाऊक आहे, उतारवयात ते व्हायोलिन शिकले हेही बऱ्याच जणांना माहीत आहे. पण चांगले पेन दिसले की ते घ्यावेसे वाटणारे, बरीच पेने जमवलेले आणि त्यांनी रोज लिहिणारे बाबासाहेब आपल्या व्याख्यानांत येत नाहीत. चळवळीच्या माणसाला छंद असणे हे आपल्याला थोडे खटकते की काय, असे आम्हाला वाटते. म्हणून आज त्यांचे आयुष्य या पेनाच्या बाजूने सांगायचे आहे.

वहीला हात न लावणारे शिक्षक

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते, त्यामुळे घरात अक्षराला मान होता. शाळेत मात्र उलटे होते. साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून गोणपाट घेऊन जात, वर्गात वेगळे बसत आणि संध्याकाळी ते गोणपाट परत घरी आणत, कारण शाळेचा झाडूवालाही त्याला हात लावायला तयार नसे. शिक्षक त्यांच्या वहीला हात लावत नसत.

ही शेवटची गोष्ट आपण फार घाईने वाचून पुढे जातो. मुलाने अक्षर काढले आहे, ते चांगले आहे की वाईट हे त्याला कळायला हवे. त्यासाठी कोणीतरी वही हातात घ्यायला हवी. ती घेतलीच जात नाही. ज्या समाजाला शतकानुशतके पोथीपासून दूर ठेवले, त्याच्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेला कागदसुद्धा विटाळ मानला गेला.

घरी सुभेदारांनी याची भरपाई केली. भाषांतर, इंग्रजी, पाठांतर यांत ते स्वतः लक्ष घालत. मुलाला पुस्तक हवे असले आणि हातात पैसा नसला तर लग्न झालेल्या मुलींकडून उसने आणत, वेळ पडली तर त्यांचा दागिना गहाण टाकत. पुढे मुंबईत परळच्या एका खोलीत सारे कुटुंब राहू लागले. तिथे रात्री दोन वाजता भीमरावांना उठवून अभ्यासाला बसवायचे, हे सुभेदारांनी आपले काम मानले. १९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्या निमित्ताने कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. आपल्या सगळ्यांच्या आयुष्याची दिशा ज्याने पुढे बदलली, त्याची सुरुवात एका भेट मिळालेल्या पुस्तकापासून आहे, हे आपण विसरू नये.

न्यूयॉर्क, लंडन आणि बडोदा

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. त्या काळात हे शहर फाउंटन पेनाचे घर होते. टाक दौतीत बुडवायचा, दोन ओळी लिहायच्या, पुन्हा बुडवायचा, ही जुनी रीत. पेनाच्या पोटातच शाई भरून ठेवायची कल्पनाही जुनी होती, पण ती शाई मध्येच थांबे नाही तर भस्सकन सांडे. निबेखालच्या बारीक खाचांतून शाई खाली आणि हवा वर जाईल अशी सोय करून लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली पेटंट घेतले, आणि त्यांची कंपनी न्यूयॉर्कचीच. लेखणी खिशात घालून ग्रंथालयात दिवसभर बसणे यामुळे शक्य झाले.

भीमराव तसेच बसले. कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली एम.ए., ९ मे १९१६ रोजी जातिसंस्थेवरचा प्रसिद्ध निबंध, पाठोपाठ लंडन. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तके विकत घ्यायची आणि पोटाला चिमटा काढायचा, हा क्रम दोन्ही शहरांत सारखाच राहिला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या जहाजावर होते ते पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले आणि त्यांची पुस्तके समुद्रात गेली. त्या सामानाच्या भरपाईचे जे पैसे मिळाले, त्यातूनच बडोद्याला जाण्याचा खर्च भागला.

बडोद्यात काय झाले ते आपण जाणतो. राहायला जागा मिळेना. कचेरीत शिपाई फायली लांबून टेबलावर फेकत. साताऱ्याला मास्तरांनी वहीला हात लावला नव्हता, इथे शिपायाला फाईल हातात देववत नव्हती. मधल्या काळात दोन खंडांतले शिक्षण झाले होते, पण या हातातून त्या हातात कागद द्यायची वेळ आली की जात आडवी येतच होती.

१९२० साली सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी सगळ्यांआधी जायचे आणि बंद होताना उठायचे. दुपारच्या जेवणावर पैसा घालवायचा नाही. अशा दिवसांतून रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध तयार झाला आणि १९२३ साली तो ग्रंथरूपाने आला. त्या वाचनालयात किती कागद टिपणांनी भरले असतील, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. ते सगळे टिपण हाताने केलेले होते. आज आपण मोबाईलवर पानाचा फोटो काढतो आणि वाचले असे समजतो.

चोवीस रकाने

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा 'केसरी'ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. ३ एप्रिल १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. या पाक्षिकासाठी पगारी लेखक ठेवायला पैसे नव्हते. एकेका अंकाचे चोवीस चोवीस रकाने बाबासाहेब एकटे लिहून काढत. दिवसा वकिली, अध्यापन, सभा. रात्री लेखन.

ज्याने कधी हाताने लांब मजकूर लिहिला आहे त्याला चोवीस रकाने म्हणजे काय ते कळेल. हलक्या टाकाने तासभर लिहिले तरी मधले बोट दुखते, अंगठा आखडतो. निब कागदात रुतली की हात अडतो, हाताबरोबर विचारही अडतो. चांगल्या फाउंटन पेनाला दाब द्यावा लागत नाही. ते कागदावर टेकले की शाई आपोआप उतरते, मनगट मोकळे राहते. गवंड्याला थापी हाताला बसलेली लागते, चांभाराला रापी. चोवीस रकाने लिहिणाऱ्याला चांगले पेन लागते. त्यामुळे बाबासाहेबांचा हा शौक आम्हाला आधी कारागिराचा वाटतो, श्रीमंताचा नंतर.

येरवड्यातली अदलाबदल

बाबासाहेबांच्या चरित्रात पेनाचा एक प्रसंग असा आहे की तो प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवडा तुरुंगात प्राणांतिक उपोषण सुरू केले. सगळ्या देशाचे डोळे एका माणसावर लागले. गांधीजींचे काही बरेवाईट झाले तर खेड्यापाड्यांतल्या आपल्या माणसांवर काय गुदरेल, हे बाबासाहेब ओळखून होते. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करारावर सह्या झाल्या. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्याऐवजी प्रांतिक कायदेमंडळांत संयुक्त मतदारसंघातल्या १४८ राखीव जागा आल्या.

सह्या झाल्यावर चक्रवर्ती राजगोपालाचारी यांना इतका आनंद झाला की त्यांनी आपले फाउंटन पेन बाबासाहेबांच्या पेनाशी बदलून घेतले, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे.

या प्रसंगाकडे दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. ज्याच्या वहीला मास्तर हात लावत नव्हते, ज्याच्या टेबलावर शिपाई फाईल फेकत होता, त्याचे पेन मद्रासच्या एका ब्राह्मण पुढाऱ्याने आपणहून मागून घेतले. त्याच्या सहीवाचून देशाची गाडी पुढे जात नव्हती. हे घडवून आणायला पंचवीस-तीस वर्षांचा अभ्यास लागला होता.

दुसरी बाजू कडू आहे. पेन बदलून घेणाऱ्याचा आनंद खरा असेल, पण त्या दिवशी फक्त पेनांचीच अदलाबदल झाली नव्हती. आपल्या माणसाने आपला प्रतिनिधी स्वतः निवडायचा हक्क त्या सहीने गेला. पुढे आयुष्यभर बाबासाहेबांनी या कराराची कठोर चिकित्सा केली. १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांच्या कामाचा हिशोब मांडणारा अख्खा ग्रंथ लिहिला. हस्तांदोलन आणि भेटवस्तू यांनी ते भुलले नाहीत. आज आपल्या तरुणांच्या खिशालाही कोणी ना कोणी पेन लावत असते, गळ्यात शाल घालत असते, व्यासपीठावर बसवत असते. ते घेताना समोरच्या कागदावर काय लिहिले आहे ते वाचण्याची सवय या प्रसंगाने लावावी.

संविधान कोणाच्या अक्षरात?

समाजमाध्यमांवर संविधानाच्या हस्तलिखित प्रतीचे छायाचित्र फिरते आणि खाली लिहिलेले असते की हे बाबासाहेबांचे अक्षर. हे खरे नाही. त्या इंग्रजी प्रतीचे सुलेखन प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी केले आहे. टाकाच्या निबा वापरून सुमारे सहा महिन्यांत त्यांनी ते पूर्ण केले. मानधन घेतले नाही, पानोपानी आपले नाव लिहायची परवानगी मात्र घेतली. पानांची सजावट नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या कलावंतांनी केली. त्या प्रतीवर २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी सह्या केल्या.

यामुळे बाबासाहेबांचे मोठेपण कणभरही उणावत नाही. २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते. एकेका कलमावर सभागृहात उभे राहून उत्तर देणे, दुरुस्त्या तपासणे, शब्द बदलणे हे काम त्यांनी प्रकृती ढासळत असताना केले. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांच्यासारख्या सहकाऱ्यांना त्यांनी मोकळेपणाने श्रेय दिले. ज्या नेत्याने दुसऱ्याचे श्रेय दडवले नाही, त्याच्या नावावर दुसऱ्याचे अक्षर खपवणे हा त्याचाच अवमान आहे. जे सहज पुढे पाठवता येते ते आधी तपासावे, हा धम्माचाही संस्कार आहे.

शौक आणि स्वाभिमान

बाबासाहेबांचे कपडे नीटनेटके आणि उत्तम असत. यावर त्यांच्या हयातीतही टीका झाली. पंचा नेसून गरिबी दाखवणारे पुढारी त्या काळी मोठे मानले जात. पण ज्यांनी नवे कपडे घातले म्हणून मार खाल्ला, त्यांच्या पुढाऱ्याने गरिबीचे सोंग कशाला घ्यावे? महाडला डिसेंबर १९२७ मध्ये त्यांनी आपल्या आयाबहिणींना नीटनेटके राहायला, जातीची खूण सांगणारे पेहराव आणि दागिने टाकायला सांगितले होते. कोट, टाय आणि खिशातले पेन याच विचाराचा भाग आहेत.

छंद हा मोकळ्या वेळेचा असतो आणि मोकळा वेळ आपल्या पूर्वजांना कोणी दिलाच नव्हता. वेठबिगारीत मुलाने कसला छंद जोपासायचा? म्हणून आपल्यातल्या एखाद्या मुलाने पैसे साठवून चांगले शाईचे पेन घेतले, वेगवेगळ्या शाया वापरून पाहिल्या, निब घासून साफ करत रविवारची सकाळ घालवली, तर त्याला चळवळीबाहेरचा समजू नये. आनंद घेणे हाही माणूसपणाचाच भाग आहे. भगवंताने देहदंड नाकारला आणि चैनही नाकारली. या दोहोंमधल्या वाटेवर एका चांगल्या पेनाला नक्कीच जागा आहे.

अट एकच. बाबासाहेबांची पेने कपाटात सुकत पडली नव्हती.

शेवटची पाने

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा शरीर थकले होते. मधुमेह, पायांच्या वेदना, मंदावलेली नजर. तरीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काम सुटले नाही. दिल्लीत २६, अलीपूर रोडवर ते मजकूर तयार करत, नानकचंद रत्तू कचेरी सुटल्यावर येऊन तो टंकलिखित करत, आणि टंकलिखित पाने पुन्हा बाबासाहेबांच्या हाताखालून जात. ५ डिसेंबरच्या रात्री त्यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेची आणि उपोद्घाताची पाने रत्तूंकडून मागवून उशाशी ठेवून घेतली. ६ डिसेंबरची सकाळ त्यांनी पाहिली नाही. ग्रंथ १९५७ साली निघाला.

मागे राहिले ते कागद. आणि त्या कागदांची गोष्ट दुःखाची आहे. १९६७ साली अलीपूर रोडचे ते घर रिकामे करवून घेताना कित्येक कागद उघड्यावर टाकले गेले आणि पावसात भिजले, असे रत्तूंनी लिहून ठेवले आहे. भिजलेल्या कागदावरची शाई पसरते, मग अक्षर धुऊन जाते. जे वाचले ते पेट्यांत पडून राहिले. वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्याचे खंड काढायला सुरुवात केली, तेव्हा कुठे ते लेखन आपल्यापर्यंत आले. त्यातली काही प्रकरणे अपुरी आहेत, काहींची पानेच नाहीत. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात त्यांचे कपडे, टंकलेखन यंत्र जपले आहे. वस्तू जपायच्याच आहेत. पण गेलेले पान कोणत्याही संग्रहालयाला परत आणता येत नाही.

आपल्या हातातले पेन

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर हार-फुले, मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन आणा, असे आवाहन गेली काही वर्षे केले जाते आणि लोक ते मनापासून पाळतात. गोळा झालेले साहित्य गरजू मुलांपर्यंत जाते. बाबासाहेबांना याहून चांगली आदरांजली आम्हाला सुचत नाही. त्यात एक भर घालावी. पेन देताना त्या मुलाची वहीही हातात घ्यावी. त्याने काय लिहिले ते वाचावे, चुकले ते सांगावे, चांगले असेल तर पाठ थोपटावी. सव्वाशे वर्षांपूर्वी साताऱ्याच्या शाळेत जे झाले नाही, ते आपल्या प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत व्हायला हवे.

ज्यांना शाईच्या पेनाची गोडी लागली आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली, पेन महिन्या-दोन महिन्यांतून साध्या, थंड पाण्याने धुवा. शाई आत वाळली की निब अडते आणि दोष पेनाला दिला जातो. दुसरी, शाई कशासाठी वापरता ते पाहून निवडा. साधी निळी शाई पाण्याने जाते, उजेडाने फिकी पडते. मायफळ आणि हिराकस यांपासून होणारी जुन्या पद्धतीची निळी-काळी शाई हवा लागताच गडद होते आणि कागदाला धरून राहते. रोजच्या टिपणाला पहिली चालेल. पण घरातल्या ज्येष्ठांच्या आठवणी, धम्मदीक्षेला कोण कसे गेले, गावात पहिले विहार कोणी बांधले, हे लिहिणार असाल तर टिकाऊ शाई वापरा आणि त्या वहीची एक नक्कल दुसऱ्या घरी ठेवा. नागपूरची दीक्षा डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत.

पुढच्या जयंतीला पुतळा धुताना, रंगवताना त्या खिशातल्या पेनावरून हात फिरवाल. घरी आल्यावर स्वतःचे पेन उघडा, शाई भरा आणि एक पान लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!